कोठावळ्याच्या नमुन्याची दफ्तरी प्रत

"बाबा, मी दीड महिन्याने येतेय आणि चांगले दोन महिने राहणार आहे," लेक फोनवर म्हणाली. "पण छकुली आता रांगते. जे हाताला लागेल ते तोंडात घालते. कोठावळ्याच्या पोटात जंत नाहीत असा लेखी रिपोर्ट दाखवलात तरच मी घरात पाऊल टाकीन. नाहीतर दारातूनच नणंदेकडे जाईन."

दुसऱ्या एखाद्या बापाला राग आला असता. हेडक्लार्कांना मात्र 'लेखी' हा शब्द ऐकून भरून आलं. मुलगी शेवटी कोणाची!

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी अख्खी वसाहत त्यांना हेडक्लार्कच म्हणायची. एकतीस वर्षं त्यांनी एका कचेरीचा रेकॉर्ड विभाग सांभाळला. तिथून त्यांनी येताना दोन गोष्टी आणल्या : एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक नियम. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. नियम चालूच होता. मूळ कागद हातातून सुटण्याआधी त्याची दफ्तरी प्रत आपल्यापाशी राहिलीच पाहिजे, हा तो नियम. लाइटबिलाची प्रत, किराणाच्या यादीची प्रत, मुलीच्या लग्नपत्रिकेच्या मसुद्याचीही प्रत. लग्न लागताना त्यांनी प्रत मागितली नाही, हे जावयाचं नशीब.

कोठावळा हा त्यांचा कुत्रा. तपकिरी, एक कान उभा, दुसरा रजेवर. दिसेल ती वस्तू उचलून परसातल्या पाण्याच्या टाकीमागे साठवून ठेवायची सवय, म्हणून काकूंनी, म्हणजे हेडक्लार्कांच्या बायकोने, त्याचं नाव कोठावळा ठेवलं. मोजे, चमचे, शेजारच्यांच्या दारातलं पायपुसणं, सगळं त्याच्या कोठारात जमा. स्वभावाने गरीब. चोर आला तर चोराची चप्पल तेवढी ठेवून घेईल.

त्याच्या अंथरुणावर तांदळासारखे पांढरे दाणे दिसले आणि ते दाणे चालायला लागले, ही हकिगत काकूंनीच लेकीला फोनवर सांगितली होती. काकूंच्या पोटात काही राहत नसे. कोठावळ्याच्या पोटात मात्र बरंच काही राहत होतं, असं दिसत होतं.

आता हे जाणून घ्यायला हवं, की हेडक्लार्कांनी आपली नात तोवर दोनदाच पाहिली होती. एकदा दवाखान्यात, काचेपलीकडून. आणि एकदा लेकीच्या घरी गेले तेव्हा, ती सबंध दिवस झोपली होती म्हणून, झोपलेली. डोळे कसे आहेत हे त्यांना फोटोवरूनच ठाऊक. जागी असलेली नात बघायची राहिली होती माणसाची. म्हणून त्यांनी फोन ठेवला, कपाटातून नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : 'विषय – जंतनिर्मूलन.'

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर पीटी मास्तर राहत. शाळेतून निवृत्त झाले होते, शिट्टी मात्र अजून गळ्यात होती.

"लसूण!" ते जिन्यातूनच ओरडले. "रोज पाच कच्च्या पाकळ्या. जंत पळत सुटतील."

"कुत्र्याला लसूण सोसत नाही म्हणतात हो," काकू हळूच म्हणाल्या.

"आम्हाला कुठे सोसत होता? आम्ही खाल्लाच ना!"

शेजारच्या वहिनींनी कडू काढा सुचवला. त्यांना स्वतःला बारा महिने पोटाची तक्रार. त्यामुळे कुणाच्याही पोटाबद्दल त्या अधिकाराने बोलत. "आणि दोन दिवस उपाशी ठेवा त्याला. किडे कंटाळून निघून जातात."

पाहुणे असे निघून जात नाहीत, किडे कुठले जायला, हे काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कुणाचं मन दुखवायचं कशाला, म्हणून त्यांनी ते गिळलं. हेडक्लार्कांनी दोन्ही सल्ले वहीत नोंदवले, पुढे 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि कोठावळ्याला घेऊन ते सरळ जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या खिडकीत एक अर्ज मिळाला. मालकाचं नाव, जनावराचं नाव, आणि मग : 'जनावराचा उपयोग – दूध, मांस, ओढकाम, इतर.' हेडक्लार्कांनी बराच विचार करून 'इतर'वर खूण केली.

"इतर म्हणजे काय ते लिहा," खिडकीतला कारकून म्हणाला.

"सोबत," हेडक्लार्क म्हणाले.

"सोबत काय जोडलंय?"

"काही नाही. सोबत हाच उपयोग."

"मग जोडलेलं नसताना सोबत कसं लिहिता? राखण लिहा."

हेडक्लार्कांनी कोठावळ्याकडे पाहिलं. तो कारकुनाचं पेन पळवता येईल का याचा अंदाज घेत होता. एकतीस वर्षांत खोटी नोंद केली नव्हती, पण काळ कठीण होता. त्यांनी 'राखण' लिहिलं आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

आतल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला चोख होत्या. त्यांनी दाण्यांची हकिगत ऐकली, कोठावळ्याचं पोट चाचपलं, मान विंचरून दोन पिसवा काढून दाखवल्या.

"ते दाणे म्हणजे चपट्या जंतांचे तुकडे. ते या पिसवांमधून येतात. कुत्रा अंग चावतो, पिसू गिळतो, झालं. गोल जंतही असणार, त्यांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि लहान मुलांना त्यांचाच धोका. तेव्हा आधी शौचाचा ताजा नमुना आणा. ताजा! लगेच आणता आला नाही तर थंड जागी ठेवा. मग गोळी, पंधरा दिवसांनी पुन्हा गोळी, त्यानंतर दोन आठवड्यांनी परत नमुना. मानेवर पिसवांचं औषध. अंगणातली घाण रोजच्या रोज उचलायची. आणि घरगुती इलाज एकही नको."

"लसूण?"

"लसूण तुम्ही खा."

गोळी वजनावर द्यायची होती आणि दवाखान्याचा काटा मोठ्या जनावरांचा होता. पन्नास किलोच्या खाली त्याची सुई जागची हलत नसे. "वजन करून आणा, अंदाजे नको," असं सांगून डॉक्टरीणबाई पुढच्या शेळीकडे वळल्या.

वसाहतीजवळ पार्सल ऑफिस होतं आणि तिथला काटा बिनचूक म्हणून प्रसिद्ध होता.

"मोकळं जनावर काट्यावर चढवता येत नाही," तिथल्या बाबूंनी नियम दाखवला. "बांधलेलं पार्सल असेल तर बोला."

नियम म्हटल्यावर हेडक्लार्क विरघळले. ते घरी गेले, कोठावळ्याला जुन्या रजईत गुंडाळलं, तोंड तेवढं बाहेर ठेवून सुतळीने सैल बांधलं आणि परत आले. बाबूंनी फॉर्म काढला.

"आत काय?"

"कुत्रा."

"काचसामान आहे?"

"नाही."

"ज्वालाग्राही?"

"नाही."

"नाशवंत?"

हेडक्लार्कांनी रजईची सुतळी नीट केली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आपण सगळेच."

बाबूंनी 'होय' लिहिलं. साडेपंधरा किलो भरले. रजई एक किलो, कोठावळा साडेचौदा. हेडक्लार्कांनी त्यावर शिक्का मागून घेतला. बाबूंनी भरात येऊन एक शिक्का रजईवरही मारला, त्यामुळे काकूंनी ती पुढे पाहुण्यांना कधी दिली नाही.

खरी कसोटी नमुन्याची होती. सकाळी सहा वाजता हेडक्लार्क झाकणाची छोटी बाटली आणि लाकडी चमचा घेऊन कोठावळ्याच्या मागे निघत. कोठावळा थांबला की हे थांबत, तो वाकला की हेही वाकत. आणि दरवेळी तो ओशाळून उठून पुढे जाई. कचेरीत ज्या माणसासमोर शिपाई उभे राहत, तो माणूस वसाहतीच्या कुंपणाशी उकिडवा बसला होता. फिरायला निघालेले पीटी मास्तर तेवढ्यात नेमके तिथे आले.

"काय हेडक्लार्क, काही हरवलं का?"

"नाही, मिळायचंय," हेडक्लार्क म्हणाले. उत्तर बरोबर होतं, म्हणून त्यांना जास्तच लागलं.

तिसऱ्या दिवशी यश आलं. आणि इथेच ती गोष्ट घडली, जी जगात दुसऱ्या कुणाच्या हातून घडली नसती. नमुना हाती आला, बाटलीवर 'नमुना क्र. १, मूळ' अशी चिठ्ठी लागली, आणि हेडक्लार्कांचा हात आपोआप दुसऱ्या बाटलीकडे गेला. मूळ बाहेर जाणार. वाटेत गहाळ झालं तर? दवाखान्याने नाकारलं तर? चमचाभर नमुना दुसऱ्या बाटलीत गेला आणि तिच्यावर सुरेख अक्षरात चिठ्ठी लागली : 'नमुना क्र. २, दफ्तरी प्रत.'

आता प्रत ठेवायची कुठे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थंड जागी. घरात थंड जागा एकच. काकूंचा फ्रिज म्हणजे देव्हाऱ्याच्या खालोखाल पवित्र स्थान. तिथे न धुतलेली काकडीही चोरून जाऊ शकत नसे. हेडक्लार्कांनी बाटली पिशवीत बांधली, पिशवी एका स्टीलच्या डबीत घातली, डबीला चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं : 'औषध. हात लावू नये.' खोटं काही नव्हतं त्यात. औषधासंबंधी होतं आणि हात लावू नये हे तर शंभर टक्के खरं. पण काकूंना सांगितलं नाही. न सांगणं हे खोटं बोलण्यात मोडतं की नाही, याचा त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निर्णय राखून ठेवला.

काकूंना वाटलं, पोट साफ व्हायचं चूर्ण असेल. नवऱ्याच्या कोठ्याची चौकशी चांगल्या घरची बाई करत नाही.

रिपोर्ट आला, 'गोल जंतांची अंडी – भरपूर.' मग गोळीचं पर्व सुरू झालं. पहिली दीड गोळी कोठावळ्याने भाकरीच्या तुकड्यातून वेगळी काढून हेडक्लार्कांच्या पायाशी परत केली. दुसऱ्यांदा ती चुरून दिली तर त्याने वाटीच उचलून टाकीमागे जमा केली. हेडक्लार्क त्याच्यापुढे बसून समजावत होते, "अरे, तुझ्याच भल्याचं आहे. वरून आदेश आहे."

"सरका," काकू म्हणाल्या. त्यांनी मऊ भाकरीच्या तीन गोळ्या वळल्या. पहिली रिकामी. ती त्याने विश्वासाने गिळली. दुसरीत औषध, आणि ती त्याच्या तोंडात असतानाच तिसरी नाकासमोर धरली. तिसरी मिळवायच्या घाईत दुसरी कधी गेली ते त्याला कळलंच नाही.

"हे कुठे शिकलीस?" हेडक्लार्क थक्क झाले.

"तेहतीस वर्षं तुम्हाला कारलं खाऊ घालतेय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कोठावळ्याच्या पोटातून जंतांचं सुतळीसारखं बंडल बाहेर पडलं. हेडक्लार्कांनी हातमोजे घालून ते उचललं, पुरलं आणि वहीत नोंद केली. पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा झाली. मानेवर थेंब पडले, अंथरूण उकळत्या पाण्यात गेलं, अंगण रोज साफ होऊ लागलं. दाणे दिसेनासे झाले. कोठावळ्याच्या अंगावर तकाकी आली आणि तो चोऱ्या दुप्पट जोमाने करू लागला.

लेक यायचा दिवस उजाडला. शेवटचा नमुना त्याच सकाळी द्यायचा होता, म्हणजे रिपोर्ट अगदी ताजा असेल, हा हेडक्लार्कांचा आग्रह. सहाला नमुना मिळाला. त्या दिवशी कोठावळ्यानेच हात आखडता घेतला, त्यामुळे प्रत निघू शकली नाही. 'नमुना क्र. ३, मूळ' तशाच दुसऱ्या डबीत गेला. दवाखाना उघडायला वेळ होता, म्हणून डबी फ्रिजमध्ये ठेवली, जुन्या डबीच्या वर. कचेरीची शिस्तच तशी : वरचं जावक, खालचं दफ्तरी.

नऊ वाजता काकूंनी नात येणार म्हणून फ्रिज रिकामा करून पुसला आणि सगळं परत लावलं. डब्या दोन होत्या, दोन्हींवर औषध लिहिलं होतं. वरची कुठली, खालची कुठली, हे त्यांच्या लेखी सारखंच.

आणि नेमका हेडक्लार्कांचा चष्मा सापडेना. उशाखाली नाही, वहीत नाही, काकूंच्या नजरेतही नाही. कोठावळा शांतपणे शेपटी हलवत बसला होता. शेवटी वेळ होतेय म्हणून त्यांनी चष्म्याविना फ्रिज उघडला, वरची डबी घेतली आणि ते निघाले.

तीन वाजता दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी घडी केलेला कागद हातात ठेवला. "वाईट वाटतं काका," त्या म्हणाल्या, "पण अंडी आहेत. पुष्कळ आहेत."

घरापर्यंतचा रस्ता हेडक्लार्कांनी कसा कापला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. फाटकाशी पोचतात तोच समोर गाडी येऊन थांबली. लेक उतरली. तिच्या खांद्यावरून दोन डोळे हेडक्लार्कांकडे टक लावून बघायला लागले. जागे, गोल, काळेभोर.

"बाबा, रिपोर्ट?"

कागद खिशात होता. अजून आला नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. वसाहतीतले लोक गॅलरीत उभे होते. काकू दारात हात पुसत होत्या. हेडक्लार्कांनी कागद काढून दिला.

लेक वाचू लागली, आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "गोल जंतांची अंडी, भरपूर. बाबा, एवढं सगळं करून?" तिने छकुलीला घट्ट धरलं. "मला वाईट वाटतंय, पण मी आत नाही येत. जाते मी नणंदेकडे. नाहीतर कोठावळ्याला दोन महिने दुसरीकडे ठेवा."

"दुसरीकडे कुठे?" काकू दारातून पुढे आल्या. "दुसऱ्या कुणाच्या हातून तो गोळी घेणार नाही गं."

"माझं ऐकलं असतंत तर लसूण–" वरून पीटी मास्तर सुरू झाले.

लेक गाडीकडे वळता वळता थांबली. "आणि हे काय? 'शेरा – नमुना कोरडा व शिळा. नमुना क्रमांक दोन, दफ्तरी प्रत.' बाबा, दफ्तरी प्रत म्हणजे?"

हेडक्लार्कांना एका क्षणात सगळं दिसलं, चष्मा नसताना. गप्प राहिलं तर अब्रू वाचत होती, आणि एका निरपराध जनावराच्या नावावर खोटी नोंद लागत होती. शिवाय ते दोन डोळे गाडीत बसून जाणार होते. महिनाभर राखून ठेवलेला निर्णय आता द्यावाच लागला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. आवाज फाटकापलीकडे जाईल एवढा मोठा होता. "पहिल्या नमुन्याची प्रत मी ठेवली होती. महिन्यापूर्वीची. जंत होते तेव्हाची. आज ती गेली, आणि ताजी राहिली. कोठावळ्याचा दोष नाही."

"प्रत?" लेकीला हसावं की रडावं कळेना. "कशाची प्रत ठेवली बाबा? आणि कुठे?"

हेडक्लार्कांनी काकूंकडे पाहिलं नाही. "थंड जागी," ते म्हणाले.

काकूंनी बोटं मोजावीत तसा मनाशी हिशेब लावला. घरात थंड जागा एक. 'औषध. हात लावू नये.' त्या भिंतीला टेकल्या.

"अहो! परवा वहिनींचं पोट बिघडलं, तेव्हा मी त्यांना त्यातलं चमचाभर देणार होते!"

शेजारच्या गॅलरीतून वहिनी आत निघून गेल्या. पुढे आठ दिवस त्यांना पोटाची एकही तक्रार जाणवली नाही.

"ताजी अजून फ्रिजमध्येच आहे," हेडक्लार्क धीर करून म्हणाले. "क्रमांक तीन. दवाखाना पाचपर्यंत–"

पण काकू तोवर आत गेल्या होत्या. आयुष्यात कुणाशी उंच आवाजात न बोललेली ती बाई. तिने ओळखीची नसलेली प्रत्येक वस्तू फ्रिजमधून बादलीत टाकली आणि वरून फिनेलची अख्खी बाटली ओतली. क्रमांक तीनने तिथेच जलसमाधी घेतली.

साडेतीन वाजले होते. हेडक्लार्कांनी बाह्या सरसावल्या. "पाचला अजून दीड तास आहे. गाडी थांबवा. नवा नमुना घेऊ."

"बाबा, तो काय मागितला की देणार आहे?"

"देईल. मी वाट बघेन."

मग परसात एक विलक्षण सभा भरली. लेक छकुलीला कडेवर घेऊन पायरीवर बसली. गाडीवाला फाटकाला रेलला. पीटी मास्तर खाली येऊन "चालवा त्याला, गोल गोल चालवा!" म्हणून शिट्टी वाजवू लागले. हेडक्लार्क बाटली घेऊन कोठावळ्याच्या मागे मागे. इतकी माणसं आपल्याकडे काय मागताहेत हे त्या मुक्या जिवाला कळेना. त्याने आधी गाडीवाल्याचा रुमाल पळवून बघितला. नको म्हणतात. मग टाकीमागे जाऊन आपलं सगळं कोठार उकरलं आणि एकेक वस्तू आणून हेडक्लार्कांपुढे ठेवली : मोजा, वाटी, चमचा आणि सगळ्यात शेवटी चष्मा.

एवढं देऊनही मालकाचं समाधान होईना, असं बघितल्यावर तो बिचारा टाकीच्या कडेला गेला आणि उरलं होतं तेही देऊन मोकळा झाला.

पीटी मास्तरांनी लांबलचक शिट्टी फुंकली. गाडीवाल्याने टाळ्या वाजवल्या. आणि आईच्या कडेवरून छकुली खदखदून हसली. हेडक्लार्क चमचा हातात घेऊन उकिडवे बसले होते, तिथेच बसून राहिले. तिला खालच्या बाजूला दोन दात होते. हे फोटोत आलं नव्हतं.

काकूंनी चष्मा साबणाने दोनदा धुऊन आणून दिला. तो लावून हेडक्लार्कांनी चिठ्ठी लिहायला घेतली. नमुना भरपूर होता. दुसरी बाटली शेजारीच होती. त्यांचा हात तिच्याकडे गेला, सवयीने, आपोआप. काकू बघत होत्या.

हात परत आला. त्यांनी लिहिलं : 'नमुना क्र. ४, मूळ.' थोडं थांबून खाली रेघ मारली आणि आणखी दोन शब्द लिहिले : 'प्रत नाही.'

पाचला दहा मिनिटं असताना प्रयोगशाळेतल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, पुन्हा लावला, काच बदलून तिसऱ्यांदा बघितलं आणि कागदावर लिहिलं, 'अंडी आढळली नाहीत.' हेडक्लार्कांनी घरी येऊन तो कागद लेकीच्या हातात दिला. तिने तो उंबरठ्याबाहेर उभं राहून वरपासून खालपर्यंत वाचला, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. मग आत येऊन छकुलीला जमिनीवर सोडलं.

छकुली तडक कोठावळ्याकडे रांगत निघाली. कोठावळ्याने तिला नीट पाहून घेतलं, पुढे आला आणि तिच्या पायातला एक मोजा हलकेच ओढून टाकीमागे घेऊन गेला.